चुकलीस, पहिल्यापासून वाच

मी देव मानत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आई ते एखाद्या पथ्यासारखं सांगते. कुणाला वांगं सोसत नाही, कुणाला शेंगदाणे सोसत नाहीत, तसं "आमच्या पोरीला देव नाय सोसत" म्हणते आणि समोरच्याला चहा विचारते. म्हणून गेल्या श्रावणात तिचा फोन आला आणि "यंदा पोथी तुला वाचायचीय" असं तिनं फर्मान काढलं, तेव्हा मला वाटलं, हिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढताना डॉक्टरांनी डोक्यातलंही काही काढलं की काय!

ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, वाकायचं नाही, धुरापाशी जायचं नाही आणि वाचायचं तर नाहीच नाही. इकडे सात दिवसांचं पारायण तोंडावर आलेलं. ते आईनं एकाही वर्षी सोडलेलं नाही. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा रडत रडत वाचलं, पण वाचलं.

ही पोथी म्हणजे सात अध्यायांचं बारीकसं पुस्तक. आईच्या वडिलांनी वणीच्या गडावरून आणलं होतं, ते आईच्या लग्नात तिच्या ट्रंकेतून आमच्या मळ्यात आलं. पहिलं पान केव्हाच गळून गेलंय. त्यामुळे त्याला नाव असं उरलेलं नाही, सगळे देवीची पोथी म्हणतात. लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात असते, श्रावणातले सात दिवस सुटते आणि परत कापडात जाते.

मी फोनवर सांगून पाहिलं. "अगं, तुझी सून आहे ना घरात. बी. ए. झालीय, आवाज गोड आहे. तिला वाचू दे."

"तिच्यामागं सैपाक हाय."

"मग भटजींना बोलाव."

"भटजी नको."

"शेजारच्या मळ्यातल्या काकू..."

"तू येतीस का नाय, तेवढं सांग."

आई अशी हट्टाला पेटत नाही. एकदा नको म्हटलं की ती विषय सोडते, आणि मग तीन वर्षांनी टोमणा मारते. म्हणून मला जरा चमत्कारिक वाटलं. लॅबमध्ये सकाळची पाळी घेतली तर दुपारी येता येईल, म्हटलं येते. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "अन् एक. वन्सं समोर बसलेल्या असतात. एवढं ध्यानात ठेव."

वन्सं म्हणजे माझी आत्या. तिला हल्ली एका कानानं कमी ऐकू येतं. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, ओरडून वाचेन." आई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. आता आठवलं की मला माझ्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न झालं, आठ वर्षं झाली, मूल झालं नाही. मग सासरच्यांनी एक दिवस तिला माहेरपणाला म्हणून आणून सोडलं आणि न्यायला कुणी आलंच नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते. तेव्हापासून आत्या मळ्यातच. झेंडू तोडण्यात, शेवंतीची रोपं लावण्यात, कोथिंबिरीच्या जुड्या बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. माझी वेणी तिनं घातली, माझ्या भावाला तिनं न्हाऊमाखू घातलं. पण कुणाच्या घरी ओटी भरायची वेळ आली की आत्या आपणहून उठायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. तिला कुणी जा म्हणत नसे. थांबही म्हणत नसे. लहानपणी मला वाटायचं, आत्याला चुलीची फारच आवड आहे.

फक्त एका ठिकाणी ती उठत नसे, आमच्या पोथीपुढे. आमच्याकडची पद्धत अशी, की अध्याय सुरू होताना ऐकणाऱ्या प्रत्येकीनं एक झेंडूचं फूल हातात घ्यायचं. अध्याय संपेपर्यंत ते धरून बसायचं, मधे उठायचं नाही. संपला की एकेकीनं पुढे येऊन ते पोथीवर वाहायचं. पहिलं फूल आत्याचं. आईनं तसा दंडकच घातला होता. आसपासच्या मळ्यांतल्या बायका आधी कुजबुजल्या म्हणे. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "माझी पोथी, माझा पाट. ज्यांना जमत नसंल त्यांनी घरी फुलं वाहावी." बायका कुजबुजायच्या थांबल्या, यायच्या थांबल्या नाहीत. प्रसादाचा शिरा आई तुपात लोळवलेला करायची, तेही एक कारण असेल.

दुसरा नियम वाचणारीसाठी. वाचताना एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तर अध्याय पहिल्यापासून. आई स्वतः वाचायची तेव्हा तिला कोण अडवणार, पण आता ती भिंतीला टेकून काळा चष्मा लावून बसणार आणि वाचणार मी. पोथी तिला तोंडपाठ. म्हणजे माझी तोंडी परीक्षाच, आणि परीक्षक कोण, तर सख्खी आई.

शुक्रवारी दुपारी स्कूटी काढून मखमलाबाद रोडनं मळ्यात पोचले. पूर्वी तिथपर्यंत नुसते मळेच मळे. आता आमच्या झेंडूच्या दोन बाजूंना सात सात मजली इमारती, आणि वरच्या गॅलऱ्यांतून लोक आमच्या फुलांचे फोटो काढतात. ओसरीत सतरंजी, चौरंगावर लाल कापड, समोर पाच-सहा बायका, सगळ्यांच्या पुढे आत्या. पांढरे केस घट्ट विंचरलेले, हातात फूल, डोळे पोथीवर.

पहिला अध्याय व्यापाऱ्याचा. मुलगा झाला तर देवीला चांदीचा पाळणा वाहीन असं बोलतो, मुलगा होतो आणि हा पठ्ठ्या लाकडी पाळण्यावर भागवतो. देवी रागावते आणि त्याचे बैल घाटात सात दिवस अडकवून ठेवते. मी "पाच दिवस" वाचलं.

"चुकलीस," भिंतीकडून आवाज आला. "पहिल्यापासून वाच."

"आई, पाच काय नि सात काय?"

"पहिल्यापासून."

वाचलं बाई पहिल्यापासून. संपल्यावर मात्र माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, चुकला व्यापारी, पण सात दिवस उपाशी कोण? बैल! त्यांनी काय घोडं मारलं होतं देवीचं? शेजारच्या काकू पदरात तोंड घालून हसल्या. आई म्हणाली, "फूल वाहा अन् गप बस."

खरं सांगू का, मला मजा येऊ लागली होती. या गोष्टी मी लहानपणी डोळे विस्फारून ऐकलेल्या. पस्तीस वर्षांनी परत भेटल्यावर त्या एखाद्या कडक मास्तरणीसारख्या वाटल्या, जिला आपण टरकायचो आणि आता भाजीबाजारात बघतो तर ती आपल्या खांद्याला लागते. शनिवारी दुसरा अध्याय. राजा देवीला हात जोडत नाही, त्याच्या अंगभर फोड येतात, जखमा भरत नाहीत, तहान भागत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वाचता वाचता मनात आलं, अरे, याची साखर तपासा कुणीतरी! जेवणाआधीची आणि जेवणानंतरची! त्या नादात एक ओळ गाळली.

"चुकलीस. पहिल्यापासून."

रविवारी तिसरा, सुनेचा. सून नैवेद्याआधी आमटीची चव घेते म्हणून अख्ख्या घराच्या भाताचे खडे होतात. मी मोठ्या सुरात विचारलं, चव घेतल्याशिवाय मीठ कसं कळणार? यावर भावजय स्वयंपाकघरातून "बरोबर आहे ताई!" असं ओरडली आणि आईनं दोघींना एकदमच गप केलं. सोमवारचा चौथा मात्र मला मनापासून आवडला, उगाच खोटं कशाला बोला. एक गुराखी देवीला करवंदं वाहतो, अर्धी कच्ची, आणि देवी ती आंबट तोंड करून खाते. तेवढ्यापुरती ती देवी मला आमच्या घरातलीच वाटली. पण त्याही दिवशी एक "आणि" जास्तीचा वाचला आणि आईनं पकडला.

चार दिवसांत तीनदा! आता माझं टाळकं फिरलं. लॅबमध्ये सत्तावीस वर्षं काढलीत, कधी रिपोर्टातला एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही. लोक समोर उभे राहून डोळ्यांत पाणी आणतात, मॅडम, जरा कमी लिहा ना, आई घाबरेल. नाही लिहीत. जे आहे ते आहे. आणि मी एका साध्या पोथीत चुकते? मंगळवारी छापलंय तसं, अक्षरन् अक्षर वाचायचं आणि आईला तोंड उघडायची संधी द्यायची नाही, असं मी स्वतःशीच ठरवलं.

मंगळवारी पाचवा अध्याय होता. त्याच्याबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण माझा देव सुटला तो या पाचव्या अध्यायापायीच.

लहानपणी मला सातातला हा एकच अध्याय खरा आवडायचा. एक बाई असते, तिला मूलबाळ नसतं. गावातल्या बायका तिला कशात घेत नाहीत. एका शुक्रवारी ती एकटीच नैवेद्य करून बसते, तर दारात एक पोरगी येते. पायाला चिखल, नाक वाहतंय, फ्रॉक फाटलेला. म्हणते, भूक लागली. बाई म्हणते, नैवेद्य देवीचा आहे, पण तू आधी खा. पोरगी खाते, हात तिच्याच पदराला पुसते आणि म्हणते, आता मी तुझी. तीच देवी. आई हे वाचायची तेव्हा आत्या फूल हातात धरून अशी बसायची की मला तिच्या मांडीवर जाऊन पडावंसं वाटायचं, आणि मी पडायचे.

अकरा वर्षांची असताना मी ठरवलं, की अशी पोरगी आत्याकडेही यायला हवी. मी अकरा शुक्रवार आंबट सोडलं. कुणाला न सांगता. आंबट सोडणं म्हणजे काय, ते नाशिकच्या पोरीला विचारा. द्राक्षांचा हंगाम, पिंपळगावहून मामानं पाठवलेली द्राक्षांची पेटी घरात, भाऊ माझ्यासमोर घोसच्या घोस खातोय आणि मी पोटात दुखतंय म्हणून सांगतेय. चिंच नाही, कैरी नाही, ताक नाही. अकराव्या शुक्रवारी मी सकाळपासून फाटकावर उभी. एक भंगारवाला आला, एक कुत्रा आला, दुपारी पोस्टमन आला. संध्याकाळी मी देव्हाऱ्यासमोर मूठभर चिंच खाल्ली, बियांसकट, आणि देवीला म्हटलं, खोटारडी. मला वाटलं होतं भाताचे खडे होतील. भात छान मऊ झाला होता. तिथून माझा नि देवीचा अबोला.

आईला हे मी सतराव्या वर्षी सांगितलं, तेही भांडणात. तुझी पोथी खोटी आहे, म्हटलं, त्यातलं काही होत नाही. ती देव्हाऱ्यापाशी गेली आणि पोथीची गाठ घट्ट करून आली. मला वाटलं, हरली. त्यानंतर पोथीच्या सात दिवसांत मी मळ्यात पाऊल ठेवलं नाही, थेट गेल्या श्रावणापर्यंत.

तर मंगळवार. फुलं वाटली, मी पान उघडलं आणि सावकाश, एकेक अक्षर टिपत वाचायला लागले. एक बाई असते, तिला मूल नसतं. बरोबर. गावातल्या बायका तिला घेत नाहीत. बरोबर. नैवेद्य करून बसते. बरोबर. माझं सगळं लक्ष चूक न होण्याकडे. अर्थाकडे कोण बघतंय! पुढे वाचलं, की देवी प्रकट झाली आणि क्रोधाने म्हणाली, मागल्या जन्मी तू पाप केलेस म्हणून तुझी कूस रिकामी, अशा स्त्रीच्या हातचे फूल...

"चुकलीस," आई म्हणाली.

मी थांबले. परत ओळ पाहिली. "नाही चुकले."

"चुकलीस. पहिल्यापासून वाच."

"आई, आज मी अजिबात चुकलेली नाही. छापलंय तेच वाचतेय."

"चष्मा पूस तुझा."

आता बघा, माझ्या जागी कुणी शहाणी असती तर तिथंच जिभेला आवर घालती. पण मी पडले खरं बोलणारी! चार दिवसांचा राग होताच साठलेला. मी पोथी उचलली आणि शेजारच्या मळ्यातल्या काकूंपुढे धरली. म्हटलं, "काकू, तुम्ही वाचा बरं ही ओळ. सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचा. होऊनच जाऊ दे, कोण चुकलं ते."

काकूंनी पदरानं चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि पोथीवर वाकल्या.

"माझ्या डोळ्यात थेंब टाक," आई एकदम ओरडली. "आत्ताच्या आत्ता टाक. आग होतीया."

अध्याय चालू असताना मधे उठायचं नाही हा तिचाच नियम. पण तिचा आवाज असा होता की मी पोथी घेऊनच उठले आणि तिच्यापाशी गेले. बाटली घेतली, चष्मा काढला, तिची मान मागे केली. डोळा ठीक होता. लाल नाही, पाणी नाही, काही नाही. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि अगदी माझ्यापुरतं म्हणाली, "अगं, वन्सं समोर हायेत ना."

मी वळून पाहिलं. आत्या सतरंजीवर होती तशीच बसली होती. फूल हातात होतं, पण नजर पोथीवरून उतरून चुलीकडच्या दाराकडे गेली होती.

पोथी माझ्या काखेत होती. मी ती उघडून उरलेली ओळ मनात वाचली. अशा स्त्रीच्या हातचे फूल मी घेत नाही, तिने माझ्या पोथीपुढे बसू नये. त्याखाली अध्याय संपलेला. पोरगी नाही, चिखलाचे पाय नाहीत, पदराला पुसलेला हात नाही. काही नाही. पुढची-मागची पानं भराभर चाळली, पण त्या पोथीत ती पोरगी कुठंच नव्हती.

शेहेचाळीस श्रावण आई या ओळीवर येत होती आणि तिथून सरळ त्या पोरीला घरात घेत होती! आणि वर आम्हाला सांगत होती, एक शब्द इकडचा तिकडे व्हायला नको. मी ज्या देवीवर विश्वास ठेवला आणि जिच्यावर अकराव्या वर्षी रुसले, ती माझ्या आईनं आमच्या ओसरीत बसून रचली होती. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि सगळ्यात जास्त लाज वाटत होती. भावजयीला वाचायला का दिलं नाही, भटजी का नको, मला का हटून बोलावलं, सगळं एका क्षणात उमगलं. मी लहानपणी मन लावून ऐकलेलं होतं. तिला वाटलं, हिला पाठ असेल. मी मात्र छापील शब्दांवरून हुज्जत घालत बसले होते.

थेंब टाकला, चष्मा लावला, पाटावर येऊन बसले. काकू म्हणाल्या, "आण इकडं, वाचते."

"राहू द्या काकू," मी म्हटलं. "माझंच चुकलं. ओळीवर ओळ चढलीय, छपाई फार खराब आहे. पहिल्यापासून वाचते."

आणि वाचलं. त्या ओळीपाशी आले, बोट तिथंच ठेवलं आणि पुढचं सगळं मनानं बोलले. आईचे शब्द मला धड आठवत नव्हते. चिखलाचे पाय आठवले, नाक आठवलं. नैवेद्याला काय होतं ते आठवेना, मी पुरणपोळी दिली. पोरीला नुसती पुरणपोळी कशी द्यायची म्हणून वर तुपाची धार सोडली. जेवल्यावर तिला झेंडूच्या वाफ्यातून फिरवून आणलं, हे तर मूळ पोथीतही नव्हतं आणि आईच्या पोथीतही. पदराला हात पुसायला लावले. आणि मग पोरगी म्हणाली, आता मी तुझी. हे म्हणताना मी आत्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच.

भिंतीकडून काही आवाज आला नाही. अध्याय संपला. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली, पुढे आली आणि पहिलं फूल वाहिलं. मग बाकीच्या बायका आल्या. मी अकराव्या वर्षानंतर पहिल्यांदा त्या चौरंगाला हात जोडले, कुणाला ते नका विचारू.

बायका गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले. आत्या दुसऱ्या दिवशी बाजारात जायची फुलं निवडत बसली होती. चिरमटलेली वेगळी, टपोरी वेगळी. मीही बसले. हाताला येतील ती फुलं निवडू लागले.

"तुझी पोरगी लय खादाड निघाली गं," आत्या म्हणाली. "पुरणपोळी, वर तूप. तुझी आई तिला कधी शिरा देती, कधी गूळभाकर. एका साली तर गोडाचं काही सुचलंच नाय बिचारीला, पिठलं दिलं."

माझ्या हातातलं फूल हातातच राहिलं. "आत्या, तुला माहीत आहे?"

"मला वाचता येतं की. चौथी पास हाय मी."

मग तिनं सांगितलं, फुलांवरची नजर न काढता. माघारी आली त्याच श्रावणात, एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं देव्हाऱ्यातली पोथी सोडली आणि वाचली. आपल्यासाठी देवीकडे काही आहे का ते बघायला. पाचव्या अध्यायात काय आहे ते बघितलं, परत गुंडाळून ठेवली. पारायण बसलं तसा पाचव्या दिवसापर्यंत जीव मुठीत धरून बसली. त्या दिवशी मुद्दाम दाराशी बसली, ओळ आली की मुकाट्यानं उठून जायचं म्हणून.

"ओळ आली," आत्या म्हणाली. "वहिनी थांबली. माझ्याकडं बघितलं नाय तिनं. अन् म्हणाली, तेवढ्यात दारात एक पोरगी आली. मी तर मागंच वळून बघितलं गं! मला वाटलं, खरंच कोणी आलं."

आत्या हसली. मला हसता येईना. मी विचारलं, "मग इतकी वर्षं तू का येऊन बसतेस? पोथीत काय आहे ते ठाऊक असून?"

"पोथीसाठी कोण बसतंय?" ती म्हणाली. "ती माझ्यासाठी काय काय रचती, ते ऐकाया बसते. आज तू त्या काकूंपुढं पोथी धरलीस तवा मात्र मी पदर सावरला. वाटलं, झालं, आता उठावं लागणार."

"चुकलं माझं, आत्या."

"हा, चुकलीस," ती म्हणाली, आणि टपोरं बघून एक फूल माझ्या केसांत खोचलं. "पण पहिल्यापासून वाचलंस की. अन् हे बघ, तुझ्या आईला सांगू नको मला ठाऊक हाय ते. तिला कळलं तर तिचं रचणं सुटंल."

गुरुवारी सातवा अध्याय झाला, पुरणाचा नैवेद्य झाला. आईनं पोथी चाचपत लाल कापडात गुंडाळली. मी म्हटलं, तुझ्या पाचव्या अध्यायातलं तरी कागदावर लिहून ठेवू का, तू सांग, मी लिहिते. ती म्हणाली, "लिहू नको. लिवलं की तेच ते वाचावं लागतं." आणि गाठ मारता मारता हळूच विचारलं, "मंगळवारी वन्सं काही म्हणाल्या का गं तुला? त्यांच्या ध्यानात आलं असंल का?"

काळ्या चष्म्याआड तिचे डोळे दिसत नव्हते, पण गाठीवरची बोटं थांबली होती. सत्तावीस वर्षांत एकाही रिपोर्टात एक आकडा न बदललेली मी म्हटलं, "नाही गं. तिला काही कळलेलं नाही."